संशोधनाचा हेतू आणि तत्त्वदृष्टी: प्रश्नावली छापण्याआधी काय ठरवावं

एम.ए.चा लघुशोधप्रबंध असो की पीएच.डी.चा आराखडा, नवखा संशोधक बहुतेक वेळा सुरुवातच शेवटाकडून करतो. विषय ठरला की लगेच प्रश्नावली. मग नमुना तीनशेचा, मग गूगल फॉर्म, मग टक्केवारीचे तक्ते. सगळं उरकल्यावर 'संशोधनाची उद्दिष्टे' या मथळ्याखाली 'अभ्यास करणे' हे क्रियापद पाच वेळा लिहिलं जातं. मार्गदर्शक किंवा परीक्षक 'तुमचं पॅराडाइम कोणतं?' असं विचारतात, म्हणजे संशोधनामागची तत्त्वदृष्टी विचारतात, तेव्हा नेट-सेटच्या पहिल्या पेपरसाठी पाठ केलेली पॉझिटिव्हिझमची व्याख्या आठवते. तिचा आपल्या प्रश्नावलीशी काय संबंध, हे मात्र उमगत नाही.

संबंध फार जवळचा आहे. आपल्याला नेमकं काय हवंय हा झाला हेतू. कोणत्या गोष्टीला आपण उत्तर मानणार ही झाली तत्त्वदृष्टी. या दोन गोष्टी ठरल्याशिवाय प्रश्नावलीतला एकही प्रश्न नीट लिहिता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्या कशा ठरवायच्या ते इथे पायरी-पायरीने सांगतो.

उदाहरण मुख्यतः एकच धरू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होतात, ही गोष्ट 2019 साली देशभर गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली आणि त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे जवळपास 17 टक्के.

पायरी 1: विषयातून प्रश्न काढा

'बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या आरोग्याचा अभ्यास' हा झाला विषय. प्रश्न तिथे असतो जिथे काहीतरी जुळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (2015-16) गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात 3.2 टक्के आणि महाराष्ट्रात 2.6 टक्के होतं. मग याच राज्यातल्या एका जिल्ह्यात, एकच काम करणाऱ्या बायकांमध्ये 17 टक्के कसं? इथे प्रश्न जन्माला येतो.

लगेच एक सावधगिरी. राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या सगळ्या स्त्रिया येतात, त्यात शाळा-कॉलेजातल्या मुलीही आल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांचा वयोगट तोच असेल असं नाही. त्यामुळे 2.6 आणि 17 हे आकडे शेजारी ठेवण्याआधी वयोगट जुळवून घ्यावे लागतात. फरक त्यानंतरही उरेल की नाही, हाच तुमच्या प्रश्नाचा पहिला तुकडा.

प्रश्न चांगला आहे का, हे तपासायची सोपी खूण म्हणजे त्याला दोन वेगवेगळी उत्तरं संभवली पाहिजेत. 'ऊसतोड महिलांना आरोग्याच्या समस्या भेडसावतात का?' याला 'नाही' असं उत्तर कोणीच देणार नाही. असल्या प्रश्नावर तीन वर्षं घालवू नयेत.

पायरी 2: हेतू ठरवा

संशोधन कशासाठी, याची पाठ्यपुस्तकी विभागणी शोधक, वर्णनात्मक, स्पष्टीकरणात्मक आणि मूल्यमापनात्मक अशी असते. नावं पाठ असून भागत नाही. एकाच विषयावर या चार हेतूंनी चार वेगळी संशोधनं होतात, आणि प्रत्येकाचं काम संपलं कधी हेही वेगळं ठरतं.

शोधक संशोधन तेव्हा करायचं, जेव्हा नीट प्रश्न विचारण्याइतकीसुद्धा माहिती हातात नसते. या शस्त्रक्रियांची फारशी वाच्यता नव्हती तेव्हा आठ-दहा बायकांशी, एखाद्या आशाताईशी, एखाद्या मुकादमाशी (ऊसतोडीला मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या कंत्राटदाराशी) सविस्तर बोलणं हेच पहिलं संशोधन होतं. शब्द कोणते वापरले जातात, निर्णय घरात कोण घेतं, डॉक्टर काय सांगतात, पैसा कुठून येतो, हे त्यातून कळतं. इथे परिकल्पना, म्हणजे तपासून पाहायचं अंदाजी विधान, लिहायची घाई करू नये. शोधक अभ्यासाला परिकल्पना जोडलेली दिसली की परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

वर्णनात्मक संशोधन मोजतं आणि रेखाटतं: किती, कोण, कोणत्या वयात, कुठे. गोऱ्हे समितीची पाहणी प्रामुख्याने या प्रकारची. याला दुय्यम समजू नका. आकडा नव्हता तोवर ही गोष्ट 'अफवा' म्हणून झटकून टाकता येत होती. वर्णनाची सगळी ताकद नमुन्यात आणि व्याख्येत असते. 'ऊसतोड कामगार' कोणाला म्हणायचं? यंदा गेलेली? कधीतरी गेलेली? शस्त्रक्रियेनंतर जड काम झेपेना म्हणून फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) जाणं सोडलेली बाई मोजणीत येते की सुटते? सुटत असेल, तर तुमचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येणार.

स्पष्टीकरणात्मक संशोधन 'का' विचारतं. नवखे संशोधक सगळ्यात जास्त फसतात ते इथे, म्हणून इथे जरा थांबू.

'ऊसतोडीमुळे गर्भाशयं काढली जातात' हे विधान ऐकायला सरळ वाटतं. कारणही पटण्यासारखं असतं: कामावर एक दिवस चुकला की खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, पाण्याची आणि संडासाची धड सोय नसते. पाळीच्या दिवसांत काम थांबवता येत नाही, म्हणून 'पिशवी' काढून टाकलेली बरी असं वाटू लागतं. पण त्याच राष्ट्रीय पाहणीत आंध्र प्रदेशात हे प्रमाण 8.9 टक्के आणि तेलंगणात 7.7 टक्के आहे, महाराष्ट्राच्या तिपटीच्या आसपास. तिथल्या आकड्यांचं स्पष्टीकरण बीडच्या ऊसतोडीने होत नाही. म्हणजे दुसरीही कारणं विचारात घ्यायला हवीत. खासगी दवाखान्यांचा आर्थिक लाभ हे एक. अंगावरून पांढरं जातं एवढ्यावरून कॅन्सरची भीती घातली जाणं हे दुसरं. लहान वयात लग्न, लवकर बाळंतपणं आणि मग नसबंदी, त्यानंतर 'आता पिशवीचा उपयोग काय' असा समज, हे तिसरं.

प्रतिस्पर्धी कारणं अशी समोर मांडली की संशोधनाचा आराखडा आपोआप दिसायला लागतो. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, त्याच दवाखान्यात जाणाऱ्या, पण ऊसतोडीला न जाणाऱ्या बायका घ्या. दोन्ही गटांत प्रमाण सारखंच निघालं तर बोट दवाखान्याकडे वळतं. ऊसतोडीच्या गटात बरंच जास्त निघालं तर फडाकडे. शिवाय क्रम तपासा: शस्त्रक्रिया ऊसतोडीला जायला लागण्याआधीची की नंतरची? कारण आधी आणि परिणाम नंतर, एवढी साधी गोष्टसुद्धा कित्येक प्रबंधांत विचारलेली नसते. फक्त ऊसतोड बायकांचीच प्रश्नावली भरून घेऊन 'का'चं उत्तर मिळत नाही, नमुना तीनशेचा असो वा तीन हजारांचा.

मूल्यमापनाचा हेतू असेल तर आधी उपाय हवा. 2019 नंतर बीडमधल्या खासगी रुग्णालयांवर अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं. त्याचा परिणाम काय झाला? शस्त्रक्रिया कमी झाल्या की शेजारच्या जिल्ह्यांत सरकल्या? केवळ बीडचे आधीचे आणि नंतरचे आकडे पाहून याचं उत्तर देणारा संशोधक अर्धाच नकाशा बघत असतो.

पाचवा हेतू पुस्तकांत कधी वेगळा धरतात, कधी नाही: ज्यांच्याविषयी संशोधन त्यांच्यासोबत मिळून परिस्थिती बदलणं, म्हणजे कृतिसंशोधन. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना ते जवळचं वाटतं. विद्यापीठाच्या मुदतीत ते बसवणं अवघड असतं, हे आधीच लक्षात घ्या.

आता तुमच्या उद्दिष्टांतली क्रियापदं बदला. 'अभ्यास करणे' खोडा. शोधक असेल तर 'समजून घेणे', वर्णनात्मक असेल तर 'मोजणे' किंवा 'नोंदवणे', स्पष्टीकरणात्मक असेल तर 'तुलना करून कारण तपासणे', मूल्यमापन असेल तर 'परिणाम तपासणे'. मुख्य हेतू एकच ठेवा, फार तर एक पूरक. चारही हेतू एका प्रबंधात घेणारा विद्यार्थी एकालाही न्याय देऊ शकत नाही.

पायरी 3: तत्त्वज्ञानाचे प्रश्न शेताच्या बांधावर आणा

सत्ताशास्त्र, ज्ञानमीमांसा, मूल्यमीमांसा ही नावं वाचून घाबरायला होतं. त्यांतले प्रश्न तसे सरळ आहेत. आपण अभ्यासतो ती गोष्ट नेमकी काय आहे, कुठे आहे? ती आपल्याला कळणार कशी? आणि त्या कळण्यात आपण स्वतः कुठे उभे आहोत?

ऊसतोडीतल्या एका तपशिलावर हे लावून पाहू. फडात मजुरी टनावर ठरते आणि माणसं कोयत्यावर मोजली जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो, ती कोयत्याला. ऊस तोडणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून नेऊन गाडी भरणं हे सगळं दोघं मिळून करतात. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो, आणि तोही बहुधा पुरुषाशी.

आता प्रश्नावलीतला नेहमीचा प्रश्न त्या बाईला विचारा: 'तुमची रोजची मजुरी किती?'

ती गप्प राहील, किंवा नवऱ्याकडे बघेल, किंवा एखादा आकडा सांगेल. तो आकडा तुम्ही तक्त्यात भराल आणि त्याची सरासरी काढाल. पण बाईची स्वतंत्र मजुरी नावाची गोष्ट त्या व्यवहारात आहे का? एक संशोधक म्हणेल, आहे: एकूण टन, दर आणि कामाचे तास मोजा, तिचा वाटा काढता येतो, तिला माहीत असो वा नसो. दुसरा म्हणेल, जोडीने कमावलेल्या पैशाकडे ते दोघं कसं पाहतात, 'माझं' आणि 'आमचं' यांचा तिच्या लेखी अर्थ काय, ते समजल्याशिवाय वाटा काढणं म्हणजे आपलं गणित तिच्यावर लादणं. तिसरा विचारेल, बाईचा वाटा हिशेबात दिसूच नये अशी ही व्यवस्था कोणी केली, आणि तिचा फायदा कारखान्याला, मुकादमाला, नवऱ्याला कसा होतो?

तिघंही खोटं बोलत नाहीत. तिघांचे तत्त्वज्ञानाचे पाय वेगळ्या जमिनीवर आहेत. या वेगवेगळ्या जमिनींनाच प्रतिमान किंवा पॅराडाइम म्हणतात. टॉमस कून यांनी 1962 साली विज्ञानाच्या इतिहासाविषयी लिहिताना हा शब्द रुळवला आणि पुढे समाजशास्त्रांनी तो उचलला.

पायरी 4: चार दृष्टी ओळखा

पहिल्या संशोधकाची दृष्टी म्हणजे प्रत्यक्षार्थवाद, म्हणजेच पॉझिटिव्हिझम. ऑग्युस्त कोंत यांनी 1830 ते 1842 या काळात ती मांडली: समाजाचेही नियम असतात आणि ते निरीक्षणाने सापडतात. एमिल द्युरकेम यांनी 1895 साली सूत्र दिलं की सामाजिक तथ्यांकडे वस्तूंसारखं पाहा, आणि 1897 साली आत्महत्येवरच्या ग्रंथात ते करून दाखवलं. आत्महत्या ही अगदी खासगी वाटणारी गोष्ट. तिचं प्रमाण मात्र समाजगटांनुसार बदलतं, कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत जास्त असतं, आणि त्यामागे माणसं समाजाशी किती घट्ट बांधलेली आहेत हे कारण असतं, असं त्यांनी सरकारी आकड्यांवरून दाखवलं.

त्यांच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप आपल्याकडच्या शेतकरी आत्महत्यांवरून चांगला कळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात 2013 साली देशात 11,772 शेतकरी आत्महत्या होत्या, 2014 साली 5,650. एका वर्षात निम्म्या? त्या वर्षी अहवालात शेतमजुरांचा रकाना वेगळा केला गेला, आणि त्यात 6,710 मृत्यू गेले. दोन्ही मिळून 12,360. महाराष्ट्रात महसूल खात्याची मोजणी निराळी चालते: जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचं, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून प्रकरण मदतीला 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हा समिती ठरवते. पोलिसांचा पंचनामा, तलाठ्याचा सातबारा आणि बँकेचं खातं यांतून गाळून मग आकडा आपल्यापर्यंत येतो. म्हणजे आकड्यांच्या आधी माणसांचे निर्णय असतात. यामुळे आकडे टाकाऊ ठरत नाहीत, पण सरकारी तक्ता उतरवून घेण्याआधी तो कोणी, कशासाठी, कोणत्या व्याख्येने बनवला हे लिहिणं संशोधकाचं काम ठरतं.

आज मोजमाप करणारे बहुतेक संशोधक जुन्या अर्थाने प्रत्यक्षार्थवादी राहिलेले नाहीत. कार्ल पॉपर यांच्या टीकेनंतर त्यांनी एवढं मान्य केलं आहे की सिद्धांत कायमचा सिद्ध होत नाही, तो खोडून काढायच्या प्रयत्नांतून टिकतो. मोजमापात चूक राहतेच, म्हणून एकच गोष्ट अनेक वाटांनी तपासावी. याला उत्तर-प्रत्यक्षार्थवाद म्हणतात. तुमचं सर्वेक्षण असेल तर बहुधा हीच तुमची जागा आहे.

दुसऱ्या संशोधकाची दृष्टी अन्वयार्थवादी. माणूस अर्थ लावून वागतो, म्हणून त्याच्या वागण्याचा अर्थ त्याच्या बाजूने समजून घ्यावा लागतो, हे माक्स वेबर यांचं म्हणणं. यावर परदेशी पुस्तकांतली उदाहरणं शोधत बसण्यापेक्षा इरावती कर्वे वाचा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो.

त्यांच्यात दोन्ही दृष्टी दिसतात, म्हणून त्या इतक्या उपयोगी आहेत. 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी माणसाच्या कवटीच्या असममितीवर, म्हणजे तिच्या दोन बाजूंमधल्या फरकावर, डॉक्टरेटचं काम केलं. फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कर्व्यांची मोजमापं मात्र वंशाचा आणि त्या असममितीचा संबंध दाखवत नव्हती, आणि त्यांनी तसं लिहिलं. मार्गदर्शकाच्या मतापेक्षा मोजमापाला प्रमाण मानणं ही मोजणाऱ्या परंपरेची खरी श्रीमंती आहे. पुढे त्याच कर्वे पंढरीच्या वारीत पालखीबरोबर चालल्या. तिथे मोजपट्टी नव्हती. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांची जेवणं वेगळी होतात याचं त्यांना रोज वाईट वाटे. त्या मराठा बायकांच्या पंगतीला जेवल्या, त्यानंतर त्या बायका मोकळेपणाने बोलू लागल्या, हात धरून बरोबर चालू लागल्या, आणि शेवटी शेवटी त्यांना ताई म्हणू लागल्या. हा प्रसंग नीट वाचलात तर ज्ञानमीमांसेचं एक प्रकरण वाचल्यासारखं आहे: माहिती 'गोळा' झाली नाही, ती नात्यातून आली, आणि नातं बदललं तसं कळणंही बदललं. प्रत्यक्षार्थवादी याला नमुन्यात शिरलेला दोष म्हणेल. अन्वयार्थवादी म्हणेल, कळण्याचा मार्गच हा. तुम्हाला दोघांपैकी कोणाचं पटतं, ते स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा.

तिसरी दृष्टी चिकित्सक. ज्ञान कोणाच्या बाजूचं, हा तिचा पहिला प्रश्न. 1923 साली स्थापन झालेल्या फ्रँकफुर्टच्या समाजसंशोधन संस्थेशी तिचं नाव जोडतात, आणि होर्कहायमर यांनी 1937 साली पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांतांतला भेद मांडला. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने मात्र त्याच्या अर्धशतक आधीचे जोतीराव फुले विसरू नयेत. शेतकऱ्याच्या दैन्याचं बारीक वर्णन करतानाच ते दैन्य कोणी आणि कसं घडवलं हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. पुढे शर्मिला रेगे यांनी 1998 सालच्या लेखात दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली: जातीच्या आणि पितृसत्तेच्या दुहेरी जाचाखालून समाज पाहिला तर जे दिसतं ते वरून दिसत नाही. 'मी त्या समाजातला नाही, मग हा विषय मी घ्यावा का?' असं विद्यार्थी नेहमी विचारतात. रेगे यांच्या मांडणीत त्याचं उत्तर आहे. ही भूमिदृष्टी जन्माने मिळणारं कुलूपबंद धन नाही. इतरांनाही ती घेता येते, पण त्यासाठी स्वतःच्या विशेषाधिकारांसकट स्वतःला बदलावं लागतं.

चौथी दृष्टी फलप्रामाण्यवादी: प्रश्न सोडवायला जी साधनं लागतील ती घ्यावीत, संख्या आणि कथन यांचं भांडण लावू नये. जॉन ड्युई हे तिचे मोठे विचारवंत आणि कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षक. 1936 साली छापलेल्या, पण कधीच न झालेल्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात बाबासाहेबांनी ड्युईंचं ऋण मान्य केलं आहे. मिश्र पद्धतीच्या संशोधनाला आज याच दृष्टीचा आधार देतात. एक सूचना मात्र कळकळीने करतो: 'मी सर्वेक्षणही केलं आणि पाच मुलाखतीही घेतल्या' एवढ्याने फलप्रामाण्यवाद होत नाही. मुलाखतींनी सर्वेक्षणातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं, हे सांगता आलं पाहिजे.

पायरी 5: हेतू आणि दृष्टी यांचा मेळ तपासा

हेतू आणि दृष्टी यांची जोडी कुठलीही चालते असं नाही. आराखड्यांत वारंवार दिसणाऱ्या विसंगती अशा: 'अनुभव समजून घेणे' हे उद्दिष्ट, आणि साधन मात्र हो-नाही प्रकारची प्रश्नावली. अन्वयार्थवादी भूमिका, आणि पुढच्याच पानावर शून्य परिकल्पना ('फरक नाही' असं धरून चालणारं विधान) व काय-वर्ग ही सांख्यिकी चाचणी. बारा मुलाखतींवरून 'बीड जिल्ह्यातील बहुसंख्य महिला' असा निष्कर्ष. चिकित्सक दृष्टी जाहीर केलेली, पण कारखाना, मुकादम आणि दवाखाना यांच्यापैकी कोणाशीही बोललेलं नाही. प्रश्न सत्तेचा आणि मुलाखती फक्त सोसणाऱ्यांच्या.

'का' हा प्रश्न दोन दृष्टींत दोन अर्थांनी येतो, हेही ध्यानात ठेवा. मोजणाऱ्याचा 'का' म्हणजे कोणत्या घटकाने प्रमाण वाढतं. समजून घेणाऱ्याचा 'का' म्हणजे त्या बाईने कोणत्या विचाराने शस्त्रक्रियेला होकार दिला. तुमचा 'का' कोणता, ते पहिल्याच प्रकरणात लिहून टाका.

पायरी 6: स्वतःची जागा लिहा

मूल्यमीमांसेचा प्रश्न बहुतेक जण एका वाक्यात उरकतात: 'संशोधक तटस्थ आहे.' पस्तिशीतल्या बाईला तिच्या गर्भाशयाविषयी विचारायला एखादा अनोळखी तरुण वही घेऊन येतो, तेव्हा तटस्थ काय असतं? तुम्ही पुरुष आहात की स्त्री, कोणत्या जातीचे, कोणी ओळख करून दिली, मुलाखत चालू असताना मुकादम किंवा सासू समोर बसली होती का, हे सगळं उत्तरांत उतरतं. ते लिहा. पूर्वग्रहाची कबुली म्हणून लिहू नका, वाचकाला उत्तरांचं वजन करता यावं म्हणून लिहा.

संमतीचंही तसंच. सही किंवा अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नाही. उचल घेतलेली बाई मुकादमाच्या माणसासमोर 'नाही' म्हणू शकत नाही. तिला एकटीला, तिच्या भाषेत, 'नाही म्हटलंस तरी काही बिघडत नाही' हे सांगता येईल अशी वेळ आणि जागा शोधावी लागते. विद्यापीठाच्या नीतिसमितीपुढे हीच गोष्ट तपशिलाने मांडा.

पायरी 7: आराखड्यातला परिच्छेद लिहा

हेतू आणि दृष्टी यांवर आराखड्यात दहा पानं नकोत, एक घट्ट परिच्छेद पुरतो. नमुन्यादाखल असा:

'या संशोधनाचा मुख्य हेतू स्पष्टीकरणात्मक आहे: ऊसतोडीला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या, एकाच गावातील व समान वयोगटातील स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण वेगळे आहे का, आणि असल्यास त्याचे कारण कामाच्या परिस्थितीत आहे की आरोग्यसेवेत, हे तुलनेने तपासणे. पूरक हेतू शोधक आहे: शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घेतला जातो हे स्त्रियांच्या कथनातून समजून घेणे. भूमिका फलप्रामाण्यवादी आहे. सर्वेक्षण प्रमाणातील फरक दाखवील, सखोल मुलाखती त्या फरकामागचे निर्णय उलगडतील. ऊसतोड सोडलेल्या स्त्रियांचाही नमुन्यात समावेश केला आहे. शस्त्रक्रियेची माहिती स्त्रियांच्या सांगण्यावर आधारित असून, उपलब्ध असल्यास दवाखान्याची कागदपत्रे संमतीने पाहिली जातील.'

यातलं प्रत्येक वाक्य पुढे काहीतरी ठरवतं: नमुना, साधन, विश्लेषण. असं काहीच ठरवत नसेल ते वाक्य वगळा, मग त्यात कितीही मोठी नावं असोत.

परिच्छेद मार्गदर्शकांना दाखवून पक्का झाला की प्रश्नावलीतला आणि मुलाखतीतला एकेक प्रश्न त्याच्याशी ताडून बघा. ज्या उत्तराचा कोणत्याच उद्दिष्टाला उपयोग नाही, तो प्रश्न काढा. 'घरात टीव्ही आहे का, फ्रिज आहे का' असले कुठूनतरी उचललेले प्रश्न इथेच गळतात, आणि पाऊण तासाची मुलाखत वीस मिनिटांवर येते.

वेळापत्रकही हेतूप्रमाणे बदलतं. कामाची परिस्थिती पाहायची असेल तर हंगामात, साधारण ऑक्टोबर ते मार्च, फडावर आणि कोपीवर जावं लागेल. बायका पहाटेपासून कामात असतात आणि गाडी भरायला रात्री-अपरात्रीही उठतात, त्यामुळे तिथे लांब मुलाखत मागणं अन्यायाचं आहे, फक्त निरीक्षण ठेवा. निर्णयाची कथनं आणि दोन गटांची तुलना हवी असेल तर कुटुंबं गावी परतल्यावर, एप्रिलनंतर जा. दसऱ्याच्या सुमारास गावं रिकामी व्हायला लागतात, तेव्हा गावातलं सर्वेक्षण त्याच्या आत संपलं पाहिजे, नाहीतर 'न जाणाऱ्या' बायकाच तेवढ्या भेटतील आणि तुलनेचा अर्धा भाग हातातून जाईल.